डिस्कची तपासणी अडते तेव्हा

'आमच्या संगणकावर चेक डिस्क चालतच नाही, काय करू?' असं मला अनेक जण विचारतात. आधी हा प्रोग्रॅम करतो काय, ते पाहू. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, याची एक नोंदवही विंडोज ठेवत असते. अचानक वीज गेली की एखादी नोंद अर्धवट राहू शकते. चेक डिस्क या नोंदी जुळवून दुरुस्त करतो.

दुकानाची वही तपासायची तर व्यवहार घटकाभर थांबवावा लागतो. 'सी' ड्राइव्हवर तर खुद्द विंडोजचाच व्यवहार सुरू असतो. म्हणून दुरुस्ती तिथल्या तिथे होत नाही. संगणक पुन्हा सुरू करताना ती करू का, असं विचारलं जातं. तेव्हा 'वाय' दाबावं. सुरू होतानाही तपासणी झाली नाही, तर अँटिव्हायरससारखा एखादा प्रोग्रॅम डिस्क अडवून बसलेला असू शकतो. अशा वेळी विंडोजच्या सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि दुरुस्तीच्या पर्यायात जाऊन तपासणी करावी.

मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडताना संगणक वरचेवर थबकत असेल, तर बिघाड वहीत नसून डिस्कमध्येच असण्याचा संभव असतो. चेक डिस्क झिजलेली डिस्क बरी करत नाही. उलट खराब जागा शोधायला सांगितलं, तर तो सगळी डिस्क वाचत जातो आणि तिच्यावर ताण येतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि तपासणी नंतर करा.