वजन उचलण्याचे शास्त्र आणि घरची व्यायामशाळा



युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची, सिमेंटचीही ५० किलोची. केळीची कापणी सुरू झाली की एकेक घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यावा लागतो. शहापूर-इच्छापूरकडे काय किंवा तापीकाठच्या इतर गावांत काय, ज्या घरात रोज वजन उचलले जात नाही असे शेतकऱ्याचे घर सापडणे कठीण. परंतु वजन कसे उचलावे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. मग ऐन हंगामात कंबरेत उसण भरते, कर्ता माणूस आठवडाभर अंथरूण धरतो आणि त्याच्या वाटच्या कामाला मजूर लावावा लागतो.

ज्या खेळात हेच काम शास्त्रशुद्ध रीतीने केले जाते, त्याला पॉवरलिफ्टिंग म्हणतात. मराठी वर्तमानपत्रे त्याला शक्तितोलन असेही म्हणतात. आपल्या तरुणांना मोबाईलवर पाहून या खेळाची गोडी लागत आहे, म्हणून त्याची थोडी माहिती करून घेऊ.

खेळ कसा असतो?

ऑलिंपिकमध्ये असतो तो खेळ वेगळा. त्याला भारोत्तोलन म्हणतात आणि त्यात वजन डोक्यावर न्यावे लागते. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले, ते भारोत्तोलनात. त्याने दोन प्रकारांत मिळून २४८ किलो उचलले. सुवर्ण केवळ १ किलोने हुकले आणि शेवटच्या प्रयत्नांत त्याच्या कोपराला दुखापतही झाली.

शक्तितोलनात तीन प्रकार असतात. पहिला स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठक. दुसरा बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे निजून छातीवरून वजन वर ढकलणे. तिसरा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज करून क्रमांक ठरतो. स्पर्धकांचे गट शरीराच्या वजनाप्रमाणे पाडलेले असतात. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावला तरच उचल मान्य होते. एखाद्या प्रकारातील तिन्ही संधी वाया गेल्या तर बेरजेच्या शर्यतीतून गडी बाद. म्हणून शहाणा खेळाडू पहिली उचल हमखास जमेल अशीच मागतो. या खेळाची जागतिक संघटना १९७२ साली स्थापन झाली. तिच्या मोठ्या स्पर्धा आता मोबाईलवर पाहता येतात. पाहताना किती वजन उचलले यापेक्षा पाठ, गुडघे आणि पावले कशी ठेवली याकडे लक्ष द्यावे, म्हणजे पाहण्याचा उपयोग होईल.

हा खेळ केवळ धिप्पाड तरुणांचा आहे, असे समजू नये. पुण्याच्या भावना टोकेकर या दोन मुलांच्या आई. चाळिशी ओलांडल्यावर त्या वजनांच्या व्यायामाकडे वळल्या आणि २०१९ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, रशियातील चेल्याबिन्स्क येथील खुल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. पंजाबचे राजिंदरसिंग राहेलू लहानपणी पोलिओने अधू झाले. त्यांनी २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये ५६ किलो गटात बेंच प्रेसमध्ये कांस्यपदक जिंकले.

घरी साहित्य काय लागते?

जागा: पडवी किंवा गोठ्याशेजारची छपराखालची कोपऱ्यातील जागा पुरते. जमीन सपाट व घट्ट हवी. जनावरांखाली घालतात तशी जाड रबरी चटई अंथरली म्हणजे फरशी फुटत नाही आणि पाय घसरत नाही.

दांडा: स्पर्धेचा दांडा २० किलोचा आणि सुमारे सात फूट लांब असतो. जुना मिळाला तरी चालेल, पण सरळ असावा. पाण्याचा पाइप वापरू नये. तो जड वजनाखाली वाकतो.

वजने: लोखंडी चकत्या थोड्या थोड्या घ्याव्यात. सव्वा किलोची एक जोडी अवश्य असावी. डब्यात सिमेंट ओतून केलेली वजने सुरुवातीला चालतात, मात्र ती काट्यावर तोलून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. टोकांना चकत्या अडवणारी कडी लावल्याशिवाय दांडा उचलू नये.

घोडा व बाक: दांडा ठेवण्याचा घोडा गावातील वेल्डरकडून करून घेता येतो. त्याला दोन्ही बाजूंनी मजबूत आडवे दांडे हवेत, म्हणजे वजन हातून सुटले तरी ते अंगावर न पडता त्यांवर अडेल. येथे काटकसर करू नये. बेंच प्रेस एकट्याने कधीही करू नये. दांडा गळ्यावर पडून माणसे दगावली आहेत. डोक्याशी एक जाणता माणूस उभा हवाच.

उचलावे कसे?

पहिले दोन आठवडे बांबूची काठी घेऊन सराव करावा. पावले खांद्याइतकी अंतरावर ठेवावीत. दांडा पावलांच्या मध्यावर, नडगीजवळ असावा. वाकायचे ते कंबरेतून नव्हे, मांडीच्या खुब्यातून. पाठ सरळ ठेवून श्वास भरून घ्यावा, पोट आवळावे आणि पायांनी जमीन दाबत उठावे. दांडा अंगाला लागून वर यावा. वजन हातात असताना कंबर वळवू नये. बाजूला जायचे तर पावले टाकून वळावे. खताची गोणीही याच रीतीने उचलावी. भार शरीरापासून जितका लांब तितका मणक्यावरील ताण वाढतो.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून व्यायाम करावा आणि रविवारी विश्रांती घ्यावी. प्रत्येक प्रकार पाच-पाच वेळा, असे तीन फेरे पुरेत. सर्व उचली नीट जमल्या तरच पुढच्या खेपेस अडीच किलो वाढवावे. अडकल्यास दहावा हिस्सा वजन कमी करून पुन्हा चढावे. पेरणी-कापणीच्या दिवसांत व्यायाम निम्म्यावर आणावा. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत. दिवसभर राबून रात्री पुन्हा हट्टाने वजन उचलणारा मुलगा अंगातली ताकद वाढवीत नाही, ती खर्च करतो.

आहार

डब्यातली महाग पावडर आवश्यक नाही. व्यायाम करणाऱ्या ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९५ ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम डाळीतून २० ते २२, मूठ-दोन मूठ शेंगदाण्यांतून १२ आणि दिवसभराच्या भाकरीतून २५ ते ३० ग्रॅम मिळतात. व्यायामाआधी आपल्या शेतातली दोन केळी खावीत.

सावधगिरी

रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा मणक्याचा आजार असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज वजनास हात लावू नये. श्वास रोखून जोर करताना रक्तदाब एकदम चढतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वीही विचारून घ्यावे.

सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा विकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जड व्यायाम करू नये. जे केवळ वाहक आहेत त्यांनीही उन्हात जोर करू नये, पाणी भरपूर प्यावे आणि थकताच थांबावे.

शेवटी इंजेक्शने आणि गोळ्यांविषयी. महिन्याभरात अंग भरवून देतो, असे सांगून काही जण तरुणांना स्टेरॉइड देतात. त्यांनी यकृत व हृदय बिघडते, पुरुषांचे बीज घटते आणि मूल होण्यास अडचण येते. स्त्रियांची पाळी बिघडते आणि आवाज घोगरा होतो. स्पर्धेत तपासणीत सापडल्यास वर्षानुवर्षे बंदी येते. आईवडिलांनी मुलाच्या वजनांकडे लक्ष द्यावे, तसेच त्याच्या कपाटाकडेही द्यावे.

ज्यांना दांडा व चकत्या घेणे जमणार नाही त्यांनी निदान काठीचा सराव आजपासून सुरू करावा. रोज दहा मिनिटे पुरेत. घरातील स्त्रियांना आणि मोठ्या मुलांनाही ही रीत शिकवावी, कारण पाण्याचे हंडे आणि चाऱ्याचे भारे तीच उचलतात.