अमेरिकन फुटबॉलमधील झेलकरी

फुटबॉल हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें पायानें टोलवायचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत त्या नांवाखालीं चालणारा खेळ अगदींच निराळा आहे. तेथील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो हातांतच असतो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी, मैदानाची लांबी शंभर यार्ड. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें, न सरकल्यास तो दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, एवढा नियम ध्यानांत ठेवला म्हणजे आजच्यापुरतें पुष्कळ झालें. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला कीं ‘टचडाऊन’ होतो व सहा गुण मिळतात.

चेंडू पुढें नेण्याचे मार्ग दोन. तो पोटाशीं धरून माणसांच्या गर्दींत घुसणें हा एक. आणि दूरवर फेकून आपल्याच गड्याकडून झेलून घेणें हा दुसरा. या दुसऱ्या मार्गाला नियमांची मान्यता मिळाली ती १९०६ सालीं. फेकणाऱ्यास ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. आणि मुख्य फळीपासून अलग, मैदानाच्या कडेच्या बाजूस उभा राहून झेल घेणाऱ्यास ‘वाईड रिसीव्हर’. मी त्याला झेलकरीच म्हणणार आहें. त्याची कारकीर्द कशी घडते व कशी सरते, हें एकाच सालीं धंद्यांत शिरलेल्या तिघांच्या हकीकतीवरून सांगणें मला सोयीचें वाटतें.

या धंद्याची वाट शाळेंतूनच जाते. सुमारें दहा लाख मुलें हायस्कुलांत हा खेळ खेळतात; त्यांपैकीं शेंकडा सात-एक कॉलेजच्या संघांत शिरतात, आणि कॉलेजांतून धंदेवाईक लीगपर्यंत शेंकडा दोनही पोंचत नाहींत. लीगमध्यें आज बत्तीस संघ आहेत. प्रत्येक संघांत जागा त्रेपन्न, त्यांत झेलकरी पांच किंवा सहा; म्हणजे एवढ्या अवाढव्य देशांत या कामाच्या दोनशें नोकऱ्याही भरत नाहींत. हायस्कूल सोडून तीन वर्षें झाल्यावांचून तेथें प्रवेश नाहीं. प्रवेशाची रीतिही विलक्षण आहे. दरवर्षीं वसंतऋतूंत सर्व संघ पाळीपाळीनें खेळाडू निवडतात. मागल्या हंगामांत जो संघ तळाशीं असेल त्याची पाळी पहिली. आपण कोणत्या शहरांत नोकरी करावी हें खेळाडूस विचारीत नाहींत.

१९८५ च्या एप्रिल महिन्यांत अशी निवड झाली, तेव्हां दहाव्या पाळीस न्यूयॉर्कच्या जेट्स संघानें अल टून याला घेतलें. तो विस्कॉन्सिन विद्यापीठाचा उंच, सडसडीत तरुण असून तिहेरी उडींतही नांवाजलेला होता. तेराव्या पाळीस सिनसिनाटीच्या बेंगल्स संघानें मायामी विद्यापीठाचा एडी ब्राऊन निवडला. जेरी राईसचें नांव पुकारलें गेलें तें सोळाव्या पाळीस. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाची पाळी खरी अठ्ठाविसावी. परंतु त्याचे शिक्षक बिल वॉल्श यांनीं दुसऱ्या संघाला मोबदला देऊन ही वरची पाळी मिळविली होती.

राईस मिसिसिपी राज्यांतील क्रॉफर्ड या खेड्यांतला. बाप गवंडी. सुटीच्या दिवसांत मुलें बापाच्या हाताखालीं काम करीत. भाऊ खालून विटा फेकी व हा पहाडावर उभा राहून त्या झेली, असें त्यानेंच सांगितलें आहे. शाळेंत एकदां वर्ग चुकवून भटकत असतां मुख्याध्यापक अचानक पाठीमागें येऊन उभे राहिले. हा असा पळाला कीं, मुख्याध्यापकांनीं नंतर छड्याही मारल्या आणि फुटबॉलच्या शिक्षकाकडेही पाठविलें. मोठ्या विद्यापीठांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. तो गेला इट्टा बेना गांवच्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांसाठीं स्थापन झालेल्या लहानशा विद्यापीठांत. तेथील शिक्षक आर्ची कूली हे चेंडू फेकण्याच्या खेळाचे वेडे होते, आणि विली टॉटन हा फेकणारा त्याला लाभला. १९८४ च्या एका हंगामांत राईसनें सत्तावीस टचडाऊन झेलले. तरीही पारखी लोक साशंकच होते. एक तर प्रतिपक्ष दुबळे. आणि चाळीस यार्ड धांवण्याची जी परीक्षा घेतात, तींत याचा वेग डोळ्यांत भरण्याजोगा नव्हता.

विटांची कथा वर्तमानपत्रांना फार आवडते. मला तिचें तितकेंसें महत्त्व वाटत नाहीं. विटा झेलणारीं मुलें मिसिसिपींत आणखीही असतील. चेंडू हातांत घेणें हा या धंद्यांतला शेवटचा भाग आहे, आणि त्याआधींचें काम अधिक अवघड. खेळ सुरू होतांच समोरचा रक्षक झेलकऱ्याच्या छातीवर हात देऊन त्याला रोखूं पाहतो. पूर्वीं चेंडू फेकला जाईपर्यंत ही धक्काबुक्की दूरवर चाले; १९७८ सालीं नियम झाला कीं, पहिल्या पांच यार्डांपुढें रक्षकानें त्याला अडवूं नये. झेलकऱ्यांना खरी बरकत आली ती या नियमापासून. मग नेमून दिलेली वाट धांवावयाची: बारा यार्ड सरळ जाऊन एकदम आंत वळावयाचें, किंवा आंत वळल्याचा आविर्भाव करून बाहेर निसटावयाचें. खो-खोंतील हुलकावणी ज्यांनीं दिली असेल त्यांना यांतील मर्म चटकन् कळेल.

परंतु येथें आणखी एक अट आहे. झेलकरी मोकळा झालेला पाहून मग चेंडू फेकावा, इतकी सवड फेकणाऱ्यास नसते. दोन-तीन सेकंदांत प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर येऊन कोसळतात. म्हणून पुष्कळदां झेलकरी वळण्यापूर्वींच चेंडू हातांतून सुटलेला असतो. तो माणसाकडे येत नाहीं, एका जागेकडे येतो. त्या जागीं त्या क्षणाला झेलकरी पोंचला नाहीं, एक पाऊल आखूड पडलें, कीं चेंडू शत्रूच्या हातीं. शिवाय रक्षकांची मांडणी पाहून ती वाट धांवतां धांवतां बदलावी लागते, आणि तो बदल फेकणारा व झेलणारा या दोघांच्याही मनांत एकाच वेळीं, एक शब्द न बोलतां, यावा लागतो.

वॉल्श यांची पद्धति तर या हिशेबीपणासाठींच प्रसिद्ध. पहिल्या वर्षीं राईस पावलें मोजण्यांत गढून जाई आणि हातांत आलेला चेंडू निसटे. स्वतःच्याच शहरांतील प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली. डिसेंबरमधील एका सामन्यांत मात्र त्यानें दहा झेलांत २४१ यार्ड मिळविले. गणित अंगांत मुरलें होतें. त्या वर्षींचा उत्कृष्ट नवोदित आक्रमक म्हणून असोसिएटेड प्रेसचा मान मात्र एडी ब्राऊनला गेला. पुढें हंगाम संपल्यावर इतर विश्रांति घेत, तेव्हां राईस सॅन कार्लोस गांवाजवळच्या टेकडीवर सुमारें अडीच मैलांची चढण धांवत असे. १९८७ सालीं बारा सामन्यांत त्यानें बावीस टचडाऊन झेलले.

१९८८ चा हंगाम तिघांच्याही ऐन उमेदीचा. टूननें त्र्याण्णव झेल घेऊन लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला. ब्राऊनचा बेंगल्स संघ अंतिम सामन्यास आला आणि समोर उभा राहिला राईसचा संघ. १९८९ च्या जानेवारींत मायामी येथें झालेल्या त्या सामन्यांत राईसनें अकरा झेलांत २१५ यार्ड काढले व सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. पण विजयाचा शेवटचा झेल त्याचा नव्हे. चौतीस सेकंद उरले असतां राईस एका बाजूस सरकला, रक्षकांच्या नजरा त्याच्यामागें गेल्या, आणि चेंडू जॉन टेलरनें झेलला.

येथवरची हकीकत सुखाची आहे. झेलकऱ्याचें शरीर मात्र झेलाच्या क्षणीं पूर्ण उघडें असतें: हात वर, डोळे चेंडूकडे, आणि रक्षक भरधांव अंगावर येत असलेला. १९७८ च्या ऑगस्टमध्यें ओकलंड येथें, हंगामापूर्वींच्या एका सामन्यांत, डॅरिल स्टिंगली हा सव्वीस वर्षांचा झेलकरी अशा धडकेनें मानेपासून कायमचा लुळा झाला. तो २००७ सालीं वारला. झेलकऱ्याच्या संरक्षणाचे कडक नियम पुढें सावकाश आले.

अल टूनचे हातपाय शाबूत होते. डोक्यावर मात्र आघातावर आघात झाले. १९९२ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, त्यानें खेळ सोडला. त्याचा मुलगा निक त्याच विद्यापीठांतून, त्याच जागीं खेळत लीगमध्यें आला. २०१२ सालीं त्याची निवड झाली, पण सामने खेळावयास मिळाले ते दोनच हंगामांत. एडी ब्राऊनचा अखेरचा हंगाम १९९१ चा ठरला, सात वर्षें. हीं सात-आठ वर्षें तोकडीं वाटतात खरीं, पण खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणें लीगमधील सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांहूनही किंचित् कमीच भरते, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क तीन हंगामांनंतर लागतो. पुष्कळांची सारी धडपड त्या तिसऱ्या हंगामासाठीं चालते.

राईस वीस हंगाम टिकला. १९९७ सालीं गुडघा फाटला. डिसेंबरांत परत आला तों टचडाऊन झेलतांना त्याच पायाची वाटी फुटली. तरी पुढल्या वर्षीं तो मैदानावर होताच. सॅन फ्रॅन्सिस्कोनें सोडल्यावर ओकलंड, तेथून सिॲटल. निदान एक तरी झेल घेतलेले ओळीनें २७४ सामने, ही त्याची मालिका २००४ च्या सप्टेंबरांत तुटली. सिॲटलतर्फे खेळलेल्या शेवटच्या सामन्यांत त्याच्या हातीं एकही झेल लागला नाहीं. १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. वीस वर्षांत झेलांनीं जोडलेलें हें अंतर जेमतेम तेरा मैल भरतें, आणि आजवर दुसऱ्या कोणासही तें गांठतां आलेलें नाहीं. २००५ च्या उन्हाळ्यांत, बेचाळिसाव्या वर्षीं, तो डेन्व्हरच्या संघांत जागा मागावयास गेला. पण पहिल्या फळींत आपल्याला स्थान नाहीं असें दिसतांच हंगाम सुरू होण्यापूर्वींच निवृत्त झाला. जुन्या संघाचा म्हणून निवृत्त होतां यावें यासाठीं पुढल्या वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्कोनें त्याच्याशीं एका दिवसाचा करार केला. करारावर रक्कम होती १९,८५,८०६.४९ डॉलर: १९८५ हें निवडीचें साल, ८० हा त्याच्या सदऱ्यावरील अंक, ६ हें निरोपाचें वर्ष, आणि ४९ हें संघाचें नांव. पैसे अर्थात् दिले गेले नाहींत.