पदरमोडीची हॉकी

पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाचं नाव निघालं की अमेरिकन माणूस फुटबॉलवर बोलू लागतो. साहजिकच आहे. तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. मी तिथे एम.एस. करत होते तेव्हा माझे पाय मात्र ग्रीनबर्ग आइस पॅव्हिलियनकडे वळायचे. साडेतेराशेच्या आसपास माणसं मावतील एवढ्या त्या रिंकवर ‘आयसर्स’ खेळायचे. ही विद्यापीठाची आइस हॉकीची क्लब टीम.

अमेरिकन कॉलेजांत टीम दोन प्रकारच्या असतात. ‘व्हर्सिटी’ टीम विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची. ती एनसीएए या संघटनेच्या स्पर्धांत उतरते आणि मोठ्या विद्यापीठांत तिच्या खेळाडूंना शिष्यवृत्त्याही मिळतात. क्लब टीम विद्यार्थ्यांची. आपल्याकडच्या कबड्डी मंडळांसारखी वर्गणीवर आणि हौसेवर चालणारी. हॉकीचे असे क्लब १९९१ साली स्थापन झालेल्या ‘एसीएचए’ या संघटनेच्या छत्राखाली खेळतात. आइस हॉकी हा खर्चिक खेळ. स्केट्स, पॅड, हेल्मेट, काठ्या, शिवाय बर्फाचं तासाचं भाडं. आमच्या लॅबमधला एक मुलगा असाच खेळायचा. त्याची बैलाएवढी किटबॅग दाराशी पडलेली असे, ओले हातमोजे हीटरवर वाळत असत आणि घामट चामड्याचा वास खोलीभर पसरे. कुणी तक्रार करत नसे.

मैदानी हॉकी पाहिलेल्या डोळ्यांना हा खेळ सुरुवातीला पकडताच येत नाही. चेंडूऐवजी रबराची चकती, म्हणजे पक. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम. एका बाजूला गोलकीपर धरून सहाच खेळाडू. पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने स्केटिंग केलं की दम संपतो, म्हणून खेळ चालू असतानाच एक जण कठडा ओलांडून बाकावर परततो आणि दुसरा बर्फावर उडी घेतो. छोट्या रिंकवर पक कठड्यावर आदळला की तो धक्का बाकावर बसल्या बसल्या जाणवायचा.

पेन स्टेटमध्ये १९४० च्या दशकात हॉकीची टीम होती, पण ती टिकली नाही. १९७१ साली क्लब नव्याने उभा राहिला. त्याच्या इतिहासातलं सर्वांत मोठं नाव जो बॅटिस्टा यांचं. विद्यार्थी असताना ते इथेच खेळले आणि पुढे १९८७ ते २००६ या काळात प्रशिक्षक राहिले. त्यांच्या हाताखाली टीमने ५१२ सामने जिंकले. क्लबच्या सात राष्ट्रीय विजेतेपदांपैकी सहा त्यांच्या काळातली. २००० ते २००३ तर सलग चार. एवढं जिंकूनही टीम क्लबच राहिली, कारण व्हर्सिटीला लागणारी रिंक नव्हती आणि ती बांधायला पैसा नव्हता.

तो पैसा आला माजी विद्यार्थी टेरी पेगुला यांच्याकडून. नैसर्गिक वायूच्या धंद्यात ते अब्जाधीश झाले होते. १७ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी आणि पत्नी किम यांनी ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी जाहीर केली. पुढे ती १० कोटी २० लाखांवर गेली. २०१२ साली पुरुषांची आणि महिलांची, दोन्ही टीम व्हर्सिटी झाल्या. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पेगुला आइस अरेना उघडला.

याचे पडसाद गावाबाहेरही उमटले. ‘बिग टेन’ या बड्या विद्यापीठांच्या गटात पुरुषांची हॉकी खेळणारी पाचच विद्यापीठं होती आणि स्वतःची स्पर्धा भरवायला सहा लागत. पेन स्टेट सहावं ठरलं. मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या टीमनी जुने गट सोडले आणि कॉलेज हॉकीची सारी मांडणीच बदलली. २०१७ साली पेन स्टेटने बिग टेनची स्पर्धा जिंकली. २०२५ मध्ये पुरुषांची टीम प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचली.

हे सारं पेगुलांच्या पैशाने घडलं असं लोक सहज म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. देणगीने इमारत उभी राहिली. पण त्या इमारतीची गरज आहे, हे चाळीस वर्षं पदरमोड करून खेळलेल्या मुलांनी आधीच सिद्ध केलं होतं. शिकाऊ वयात खेळलेल्या जागी परतून एकोणीस वर्षं प्रशिक्षण देणारा माणूस आणि थंडीत तिकीट काढून येणारं गाव, हे दोन्ही पैशाने आणता येत नाही.

म्हणून नव्या अरेनात मुख्य रिंकशेजारी बांधलेली दुसरी, छोटी रिंक मला तितकीच मोलाची वाटते. आजही क्लब हॉकी खेळणारी मुलं विद्यापीठात आहेत. त्यांना ना शिष्यवृत्ती, ना टीव्हीवर सामना. विद्यापीठाने त्यांच्यासाठी बर्फाचे तास राखून ठेवले पाहिजेत, कारण मोठ्या टीमचा जन्म अशाच मुलांच्या हट्टातून झाला आहे.