कपाशीच्या फुलाचा फोटो पांढराफटक का येतो? फ्लॅश कधी लावायचा, कधी नाही

डिजिटल डेस्क : केज तालुक्यातलं युसूफ वडगाव असो की शेजारचं एखादं गाव, कपाशीवर काही वेगळं दिसलं की आधी मोबाईल निघतो. फुलाचा फोटो कृषी सहायकाला किंवा कृषी केंद्रवाल्याला जातो आणि उत्तर येतं, 'फोटो नीट दिसत नाही, परत पाठवा.' बऱ्याचदा गडबड फ्लॅशची असते.

फोटोवरून ठरतं काय?

गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्याने बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. हीच डोमकळी. पण कपाशीचं निरोगी फूलही पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. म्हणजे फरक रंगात आणि पाकळ्यांच्या पिळात आहे, आणि जवळून मारलेला फ्लॅश नेमक्या याच दोन गोष्टी पुसतो. १० टक्के फुलांत प्रादुर्भाव दिसला तर फवारणीचा विचार करावा, असं साधारणपणे सांगितलं जातं. चुकीच्या अंदाजावर फवारणी केली तर औषध आणि मजुरी दोन्ही वाया.

फ्लॅश बिघडवतो कसा?

इंजिनिअरिंगला पाठ केलेला एक नियम इथे कामाला येतो. अंतर निम्मं झालं की प्रकाश चौपट होतो. मोबाईल ४० सेंमीवरून १० सेंमीवर आणला, तर फुलावर १६ पट प्रकाश पडतो. कॅमेरा तो आपोआप सांभाळायचा प्रयत्न करतो, पण एकाच फोटोत पुढची पाकळी ८ सेंमीवर आणि मागचं पान १६ सेंमीवर असेल, तर पानाला पाकळीच्या पावपट प्रकाश मिळतो. पाकळी जळते, मागचं काळं पडतं. शिवाय प्रकाश लेन्सच्या अगदी शेजारून येतो, त्यामुळे सावली पडत नाही आणि पीळ सपाट दिसतो. दवाचे थेंब असतील तर चमक वेगळीच.

आणखी एक गैरसमज : फ्लॅशने हलतं फूल स्थिर येतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशबाबत ते खरं आहे, कारण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ चमकतो. बहुतेक मोबाईलमधला फ्लॅश म्हणजे छोटी टॉर्चच. वारा असेल तर फांदी हातात धरा, दुसरा उपाय नाही.

मग काढायचा कसा?

सकाळी काढा. ताजी फुलं तेव्हा उमललेली असतात, त्यात न उमललेलं लगेच उठून दिसतं. फ्लॅश बंद ठेवा. ऊन थेट पडत असेल तर आपलीच सावली फुलावर धरा. मोबाईल नाकाला लावल्यासारखा जवळ नेऊ नका, वीतभर लांब राहून दोन पट झूम करा. स्क्रीनवर फुलाला बोट लावा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. पाकळ्यांचा रंग परत येतो. (काही मोबाईलमध्ये हे चिन्ह आडव्या पट्टीवर असतं.)

फ्लॅश लागतो तो फूल उकलून आतली अळी दाखवायची असेल तेव्हा, किंवा दाट पिकात खाली अंधार असेल तेव्हा. लहान अळी पांढुरकी आणि काळसर डोक्याची असते, उजेडाशिवाय ती दिसणारच नाही. तेव्हाही आपल्या मोबाईलचा फ्लॅश नकोच. शेजारच्याला त्याच्या मोबाईलची टॉर्च बाजूने, हातभर लांबून धरायला सांगा आणि टॉर्चवर पांढरा रुमाल टाका. प्रकाश पसरतो, तिरका पडतो, अळीचा आकार उठून येतो. सोबत कोणी नसेल तर फुलाच्या दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा, तोही उजेड परतवतो.

फोटो तीन पाठवा : पूर्ण झाड, मिटलेलं फूल, उकललेलं फूल. व्हॉट्सॲपवर साधा फोटो दाबून लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि फोटो काढून झाला की डोमकळी तोडून अळीसकट नष्ट करा, उत्तराची वाट पाहत झाडावर ठेवू नका.