वीस गावांची दूधफेरी

सांगलीला बुद्धिबळाचे गाव म्हणतात ते उगाच नव्हे. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने इथे वर्षानुवर्षे पट मांडून ठेवले. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू याच गावातून पुढे गेल्या. त्याच पटावरचे एक जुने कोडे आजही संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवतात. माक्स बेत्सेल या जर्मन बुद्धिबळपटूने ते 1848 मध्ये मांडले: पटावर आठ वजीर असे ठेवा की एकही दुसऱ्याच्या माऱ्यात येऊ नये.

64 घरांतून आठ घरे निवडण्याचे प्रकार 442 कोटींहून अधिक होतात. पण एका आडव्या ओळीत एकच वजीर राहू शकतो, एवढे ध्यानात आले की आकडा 1 कोटी 67 लाखांवर उतरतो. उभ्या ओळीलाही तोच नियम लावला की उरतात 40,320 मांडण्या, आणि त्यांतल्या बरोबर निघतात 92. म्हणजे संगणकाचे बटण दाबण्याआधीच काम लाखाव्या हिश्श्याहूनही कमी उरले.

डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा, म्हणजे विविक्त गणिताचा, गाभा हाच आहे. सुट्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टींचे हे गणित. संच, संबंध, तर्कशास्त्र, क्रमचय-संचय, आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) हे त्याचे प्रांत. आपल्याकडे अभियांत्रिकीचे शिक्षण नवे नाही; सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून उभे आहे. कराड, साखराळे, साताऱ्यातही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मात्र अनेक विद्यार्थ्यांच्या लेखी हा विषय म्हणजे व्याख्या पाठ करून सोडवायचा पेपर. पायथॉन शिकले, दोन-चार लायब्ररी वापरता आल्या की डेटा सायन्स आले, अशी समजूत पसरली आहे. मला ती घातक वाटते. लायब्ररी उत्तर देते. प्रश्न किती मोठा आहे आणि तो छोटा कसा करायचा, हे ती शिकवत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. दुधाचा एक टँकर पहाटे डेअरीतून निघतो, वीस गावांतल्या संकलन केंद्रांवर जातो आणि परत येतो. डिझेल कमीत कमी लागेल असा क्रम कोणता?

गावे दहाच असती तर क्रम 36,28,800 झाले असते. हा आकडा मराठी मुलखाला नवा नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलाबदल करून किती मूर्ती घडतील, असे त्यात विचारले आहे. उत्तर हेच, 36,28,800. चार हातांच्या विष्णूसाठी ते 24 येते. चारावरून दहावर जाताना आकडा कसा उसळतो, ते त्या एका उदाहरणात दिसते.

आता गावे वीस करा. क्रमांची संख्या 19 अंकी होते. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्रालाही सगळे संपवायला सुमारे 77 वर्षे लागतील. सुलट आणि उलट फेरी एकच धरली तरी 38 वर्षे.

1962 मध्ये मायकेल हेल्ड आणि रिचर्ड कार्प यांनी, आणि स्वतंत्रपणे रिचर्ड बेलमन यांनी, यातून वाट काढली. समजा, टँकरने सात गावे उरकली आहेत आणि तो आत्ता इस्लामपुरात आहे. पुढचा रस्ता ठरवताना ती सात गावे कोणत्या क्रमाने झाली याला काही महत्त्व उरत नाही. कोणती गावे झाली आणि आपण कुठे आहोत, एवढ्याच दोन गोष्टी लागतात. म्हणून ‘हीच सात गावे झाली, मुक्काम इस्लामपूर’ या स्थितीसाठी सर्वांत स्वस्त खर्च तेवढा लिहून ठेवायचा आणि बाकीचे क्रम टाकून द्यायचे. वीस गावांचे उपसंच, म्हणजे त्यांतून निवडता येणारे गट, 10,48,576. त्यांवरून हिशेब केला की सुमारे 42 कोटी पायऱ्या होतात. त्याच यंत्राला अर्धा सेकंदही लागणार नाही.

77 वर्षे आणि अर्धा सेकंद यांच्यातला फरक यंत्राने पाडला नाही. तो ‘उपसंच’ या कल्पनेने पाडला, जी आपण आठवड्याभरात शिकवून मोकळे होतो. गावे चाळीस झाली की ही रीतही थकते आणि दुसरी रीत शोधावी लागते किंवा जवळपासच्या उत्तरावर समाधान मानावे लागते. कुठे थांबायचे, हेही याच विषयातून कळते.

आलेखांसाठी तर कृष्णेइतके चांगले पुस्तक नाही. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला संगममाहुलीला वेण्णा, कराडला कोयना, हरिपूरला वारणा मिळते. संगम म्हणजे बिंदू, प्रवाह म्हणजे दिशा असलेली रेषा. पुराचा अंदाज बांधताना माहुलीचा हिशेब झाल्याशिवाय कराडचा होत नाही. कोणते गणित आधी, कोणते नंतर, हा क्रम आलेखातूनच निघतो.

रस्त्यांचा आलेख वेगळा. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, इशाऱ्याची पातळी 40 आणि धोक्याची 45 असताना. गावेच्या गावे तुटली. पुढच्या वेळेसाठी विचारण्याचा प्रश्न असा: कोणता एकच रस्ता पाण्याखाली गेला तर गाव जगापासून तुटते? हजार रस्त्यांच्या आलेखात एकेक रस्ता काढून दर वेळी सगळे पुन्हा तपासणे हा सरळधोपट उपाय. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांची रीत मात्र आलेखातून एकदाच खोलवर फिरते आणि प्रत्येक बिंदूपाशी नोंदते की इथून वळसा घेऊन किती मागे परतता येते. ज्या रेषेपलीकडून अलीकडे परतण्याची वाटच नाही, ती रेषा नाजूक. असे सगळे रस्ते एकाच फेरीत हाती लागतात.

मिरजेनेही एक धडा दिला आहे. एप्रिल 2016 मध्ये इथून दुष्काळग्रस्त लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. रोज किती पाणी पोचेल हे पंप, भरण्याची सोय, रूळ आणि उतरवण्याची व्यवस्था यांतल्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. फोर्ड आणि फुल्कर्सन यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रवाहाचा सिद्धांत तीच जागा शोधतो.

डेटा सायन्सवाल्यांनी शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे नाव विसरू नये. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेल्या श्रीखंडेंनी 1959 मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासह ऑयलरचा 1782 मधला अंदाज चुकीचा ठरवला. विषय होता लॅटिन चौरसांच्या जोड्या: प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे दोन चौरस, जे एकमेकांवर ठेवले की चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच दिसते. तासगावच्या द्राक्षबागेत खत, पाणी, छाटणी आणि फवारणी यांचे प्रत्येकी तीन पर्याय सगळ्या जुळण्यांसह तपासायचे तर जमिनीचे 81 तुकडे लागतात. तीन बाय तीनच्या लॅटिन चौरसांची अशी जोडी वापरली तर नऊ तुकड्यांत कोणत्याही दोन गोष्टींच्या सगळ्या जोड्या येतात. सॉफ्टवेअर तपासणारेही हीच युक्ती वापरतात.

हा विषय शिकायचा तर कागद-पेन्सिलीने शिकावा. सी. एल. लिऊ किंवा केनेथ रोझेन यांचे पुस्तक घ्यावे आणि सिद्धता वाचण्याआधी स्वतः करून पाहावी. एनपीटीईएल या संकेतस्थळावर व्याख्याने फुकट आहेत. 2024 पासून गेट परीक्षेत डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपर आला. त्यातही मोजणी, आलेख आणि तर्कशास्त्र आहेच.

शिक्षकांना एक विनंती आहे. यंदा आलेखाचे प्रकरण काढाल तेव्हा मुलांना आपापल्या तालुक्याचा नकाशा द्या. गावांचे बिंदू, रस्त्यांच्या रेषा काढायला लावा आणि नाजूक रस्ते आधी हाताने, मग प्रोग्राम लिहून शोधायला सांगा. निघालेली यादी वर्गातच ठेवू नका. पावसाळ्याआधी ती तहसील कार्यालयात नेऊन द्या.