न्यूटचीं अंडीं आणि त्यांची निगा



मृगाच्या पहिल्या सरी पडल्या म्हणजे गांवाबाहेरच्या डबक्यांतून बेडकांची अंडीं दिसूं लागतात, आणि घरांतील एखादा चौकस मुलगा तीं बरणींत भरून घेऊन येतो. आज ज्या प्राण्याविषयीं बोलावयाचें आहे, तो या बेडकाचाच दूरचा नातलग. त्याचें नांव न्यूट. शरीर पालीसारखें, शेपूट चपटें, त्वचा मात्र ओलसर आणि खवल्यांवांचून. आपल्या कोल्हापुराकडे, किंबहुना सबंध सह्याद्रींत, तो आढळत नाहीं. भारतांत त्याची वस्ती हिमालयाच्या पूर्व भागांत आहे. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथें त्याच्यासाठीं १९८५ सालीं एक छोटेंसें अभयारण्य करण्यांत आलें. हा देशी न्यूट कायद्यानें संरक्षित असल्यामुळें घरीं पाळतां येत नाहीं. जगांतील हौशी लोक बहुधा चीन-जपानकडील तांबड्या पोटाचे न्यूट पाळतात. असा परदेशी प्राणी आणण्यापूर्वीं नोंदणीचा नियम वनखात्याकडे अवश्य विचारावा.

न्यूटची वीण पाहण्यासारखी असते. नर मादीसमोर येऊन शेपूट दुमडून हलवीत राहतो, आणि तिचें मन वळलें म्हणजे तळाशीं वीर्याची एक इवलीशी पुडी टाकतो. मादी वरून जातां जातां ती आपल्या शरीरांत उचलून घेते. पुढें ती एकेक अंडें निरनिराळ्या पानांवर घालते आणि मागील पायांनीं पान त्याच्याभोंवतीं दुमडते. अंड्याच्या चिकट आवरणामुळें ती घडी तशीच राहते. हा उद्योग कित्येक आठवडे चालतो. परंतु एवढ्या काळजीनें अंडीं लपविणारी हीच आई पुढें भूक लागली कीं तीं खाऊनहि टाकते!

म्हणून पाळणाऱ्याचें पहिलें कर्तव्य म्हणजे अंडीं मातापित्यांपासून वेगळीं करणें. अंड्यास बोट न लावतां पानासकट कातरून तें तितक्याच थंड पाण्याच्या उथळ भांड्यांत ठेवावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा. पाणी अठरा-वीस अंशांचें असावें. ज्या अंड्यावर कापसासारखी बुरशी दिसेल, तें तत्काळ काढून टाकावें. कांहीं अंडीं मरणारच, त्याबद्दल स्वतःस दोष देऊं नये. युरोपांतील तुरेवाल्या न्यूटचीं तर निम्मीं अंडीं गुणसूत्रांतील जन्मजात दोषामुळें वाढ पुरी होण्यापूर्वींच मरतात. तेथें कितीहि निगा राखली तरी उपयोग होत नाहीं.

उरलेल्या अंड्यांकडे भिंगांतून रोज पाहावें. आवरण पारदर्शक असल्यामुळें गोल ठिपका लांबट होतांना, त्याला डोकें आणि शेपूट फुटतांना स्पष्ट दिसतें. न्यूटच्याच भ्रूणांवर हान्स श्पेमान व त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनीं प्रयोग केले. एका भ्रूणाचा विशिष्ट तुकडा दुसऱ्यांत बसविला असतां तेथें दुसरा भ्रूण घडूं लागतो, हें त्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलें. श्पेमान यांस १९३५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

दोन ते चार आठवड्यांत पिलें निघतात. मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे कल्ले असतात. बेडकाच्या पिलास आधीं मागचे पाय फुटतात, न्यूटच्या पिलास आधीं पुढचे. खाद्य जिवंत हवें: प्रथम पाणपिसवा, पुढें डासांच्या बारीक अळ्या. उपाशी पिलें एकमेकांचे पाय तोडतात. म्हणून भांड्यांत दाटी करूं नये. कांहीं महिन्यांनीं कल्ले आटूं लागले कीं पाण्याबाहेर येण्यास दगड ठेवावा, अन्यथा पिलूं बुडून मरतें.

आतां दोन अडचणींचा विचार करूं. पहिली उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पस्तीस अंशांच्या वर जातो. ज्या घरांत पाणी तेव्हांहि थंड राखण्याची सोय नाहीं, तेथें हा छंद न केलेलाच बरा. दुसरी अधिक गंभीर आहे. हॉलंडांतील अग्निसॅलॅमँडर थोड्याच वर्षांत जवळजवळ नाहींसे झाले. त्यांस मारणारी बुरशी २०१३ सालीं ओळखली गेली, आणि ती आशियांतून आणलेल्या पाळीव न्यूटांबरोबर तेथें पोंचली असावी असें शास्त्रज्ञ मानतात. तिच्याच जवळच्या दुसऱ्या एका बुरशीनें बेडकांच्या कित्येक जाती नष्ट केल्या आहेत. कोल्हापुरापासून आंबोली कांहीं तासांच्या वाटेवर. तेथील कातळावर वीण घालणारा एक छोटा भेक जगांत त्या परिसराबाहेर सांपडत नाहीं. आपल्या काचेच्या पेटींतील पाणी निर्जंतुक केल्यावांचून ओढ्यांत ओतूं नये, आणि कंटाळा आला म्हणून न्यूट रंकाळ्यांत तर कधींच सोडूं नये. घरांत एक जीव वाढवितांना बाहेरचे शेंकडों जीव आपल्या हातून धोक्यांत येऊं नयेत, एवढें भान पाळणाऱ्यानें ठेवावें.