निम्मं पाणी, निम्मं कूलंट

गळीत हंगामात वारणानगरची हवाच गोड असते. कारखान्यात उकळणारा रस, मळी, ट्रॉल्यांखाली चिरडलेली कांडकी, सगळ्यांचा मिळून एक वास कोडोलीच्या रस्त्यापर्यंत येतो. तापल्या इंजिनातून गळणाऱ्या कूलंटचा वासही गोडसरच. दुसऱ्या गावात ड्रायव्हरला लगेच शंका येईल, इथे येत नाही. ‘‘हितं नाकाचा उपयोग न्हाई, पावणं. हात घालून बघायचं,’’ असं म्हणत इथल्या एका गॅरेजच्या मिस्त्रींनी होजपाईपच्या खालून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली हिरवट ओल मला दाखवली.

या गॅरेजात मी आलो तो विमानामुळे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातली एक ओळखीची मुलगी ‘गरुड’ या दोन आसनी विमानाबद्दल बोलत होती. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीची ही विमानं. हवाई दल, नौदल आणि छात्रसेना यांच्यासाठी भारताने २०१५ मध्ये १९४ विमानांचा करार केला. त्यात ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ इंजिन असतं. त्याचे सिलिंडर वाऱ्याने गार होतात आणि डोकी, म्हणजे हेड, द्रवाने. तो द्रव कोणता घ्यायचा, हा प्रश्न ती इतक्या तळमळीने मांडत होती की, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना तो कसा सुटतो हे पाहावंसं वाटलं.

मिस्त्रींकडे उत्तर एकच आहे: निम्मं पाणी, निम्मं कूलंट. पाणी नळाचं नाही, विहिरीचं तर नाहीच. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. उसाला पाजून पाजून वारणा-कृष्णेच्या काठची किती जमीन क्षारपड झाली, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. त्यांनी कापून ठेवलेली एक नळी दाखवली. आतून पांढरी, भोक काडी जाईल एवढंच उरलेलं. थंडीने पाणी गोठण्याची भीती आपल्याकडे नाही, म्हणून ‘कूलंट कशाला’ असं अनेकांना वाटतं. पण उकळणं आणि गंजणं या दोन गोष्टी आपल्याकडेही होतात, आणि हेड त्यांनीच जातं.

रोटॅक्सवाल्यांपुढे मात्र दोन वाटा आहेत. एक हीच निम्म्या-निम्म्याची, दुसरी पाण्याचा थेंबही नसलेल्या कूलंटची. पहिलीत कूलंट १२० अंशांपुढे जाऊ द्यायचं नाही. दुसरं उकळायला १८०च्याही वर जावं लागतं. आकडे पाहून कुणीही दुसरंच उचलेल. पण एक किलो पाणी एका अंशाने तापताना साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता घेतं, तर बिनपाण्याच्या कूलंटमधलं निव्वळ ग्लायकॉल जेमतेम २.४. म्हणजे ते उकळत नाही खरं, पण उष्णता कमी वाहून नेतं आणि हेड जास्त गरम राहतं. शिवाय परक्या धावपट्टीवर पातळी कमी भरली तर काय घालणार? साधं पाणी घातलं की त्या महागड्या द्रवाचा गुणच गेला. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘वाटंत गावतंय का ते?’’ मला हा प्रश्न त्या सगळ्या आकड्यांपेक्षा वजनदार वाटतो. जे अडल्या जागी मिळतं तेच इंजिनात असावं, या मताचा मी आता झालो आहे.

रंगाचा घोळ वेगळाच. गिऱ्हाईक ‘हिरवं द्या’, ‘गुलाबी द्या’ म्हणतं, पण रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. आतली गंजरोधक द्रव्यं वेगळी असली तर एकात एक मिसळून त्यांचं आयुष्य घटतं, कधी गाळही धरतो. म्हणून मिस्त्री टाकीवर रंगाने नाव आणि तारीख लिहून ठेवतात.

कूलंटइतकंच त्यांचं लक्ष रेडिएटरच्या झाकणावर. रबर आणि स्प्रिंग धड असेल तर आत दाब टिकतो. एका वातावरणाचा जादा दाब मिळाला की नुसतं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. उघड्या भांड्यातलं पाणी वारणानगरला ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तीन हजार मीटर उंचीवर नव्वदलाच. विमानाला झाकण का जपावं लागतं, ते यावरून कळतं.

दुपारी दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर वाफ सोडतच दारात थांबला. ‘‘मिस्त्री, काटा खाली आला बघा, झाली गार,’’ असं म्हणत ड्रायव्हर उडी मारून झाकणाकडे वळला. मिस्त्री ओरडलेच. द्रवात बुडालेलाच सेन्सर खरं सांगतो. द्रव संपून तो उघडा पडला की काटा खाली येतो आणि हेड मात्र जळत असतं. रोटॅक्सच्या जुन्या मांडणीत हेडच्या धातूचं तापमान मोजत, नवीन मांडणीत कूलंटचं मोजतात. त्यामुळे द्रव गळून गेल्यावर काट्यावर विसंबायचं नाही, हे वैमानिकालाही शिकावं लागतं.

‘‘नंबर जाईल माझा,’’ ड्रायव्हर काकुळतीला आला होता. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग सरकत होती.

‘‘जाऊ दे, भावा. झाकणाला हात लावू नगंस,’’ मिस्त्री म्हणाले, आणि बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणायला आत गेले.